परतीचे घर: मराठवाड्यातून परदेशी गेलेल्यांच्या निवृत्तीची पार्श्वभूमी

मराठवाड्यातून परदेशी गेलेल्या माणसाचे म्हातारपण कुठे जाणार, हे पुष्कळदा त्याच्या व्हिसाने आधीच ठरवलेले असते. आखातात तीस वर्षे राबले तरी तिथले नागरिकत्व सहसा मिळत नाही. नोकरी सुटली की राहण्याचा परवाना संपतो. त्यामुळे तिकडचे गवंडी, वायरमन, ड्रायव्हर परत येतात, कारण दुसरी वाटच नसते. अमेरिका-इंग्लंडला गेलेल्यांना निवड असते, आणि त्या निवडीत गाव बहुधा मागे पडते. पसंती जाते ती छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या कडेच्या वसाहतींना.

निजामाच्या काळात शिकायला, नोकरीला 'बाहेर' जाणे म्हणजे हैदराबादला जाणे. 1948 नंतर ती वाट क्षीण झाली, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1958 मध्ये औरंगाबादला विद्यापीठ सुरू झाले. निजामकाळाचे ओझे आजही उरले आहे ते जमिनीच्या कागदांत. जुन्या नोंदी उर्दूत आहेत. मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या), खिदमतमाश (सेवेच्या मोबदल्यात दिलेल्या) अशा इनामांच्या जमिनी वर्ग 2 मध्ये, म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणाऱ्या जमिनींत येतात. परवानगी न घेता त्यांचा व्यवहार केला तर तो पुढे अडकतो. म्हणून घर बांधायला जागा घेताना आजचा सातबारा पुरत नाही. 1954-55 च्या खासरा पत्रकापासून (त्या वेळच्या जमिनीच्या नोंदीपासून) आजपर्यंतचे सगळे फेरफार ओळीने लावून पाहावे लागतात. मधला एक फेरफार 'सापडत नाही' असे उत्तर मिळाले तर तिथेच थांबावे.

सगळ्यात जास्त गोंधळ 'अनिवासी' या शब्दाचा आहे, आणि त्यात लोकांचे खरोखर नुकसान होते. आयकर कायदा प्रामुख्याने दिवस मोजतो: वर्षात 182 दिवस भारतात राहिलात की निवासी. परकीय चलन कायदा दिवसांबरोबर हेतूही पाहतो. कायमचे राहायला आलेला माणूस आल्यापासूनच निवासी ठरू शकतो, आणि त्याने बँकेतले एनआरई खाते (अनिवासीचे परदेशी कमाईचे खाते) निवासी करून घ्यायचे असते. तहसीलला या दोन्हींशी देणेघेणे नाही. तिथे प्रश्न एकच, तुम्ही शेतकरी आहात का? मराठवाड्याला हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950 लागू आहे आणि शेतजमीन घेणाऱ्याकडे शेतकरी असल्याचा पुरावा मागितला जातो. बापाच्या सातबाऱ्यावर नाव असलेला मुलगा म्हणतो, मी तर शेतकरीच. ते खरे असले तरी तो परदेशात राहतो तोवर परकीय चलनाचे नियम त्याला शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळ्याची जमीन विकत घेऊ देत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणाऱ्या ओसीआय कार्डाच्या सवलतींतूनही नेमका हाच विषय वगळलेला आहे. घर, फ्लॅट, अकृषिक प्लॉट घेता येतो.

यातले सर्वांत चुकीचे समजले गेलेले कलम बक्षिसाचे आहे. वारसाने शेतजमीन मिळणे चालते, बक्षिसाने नाही. म्हातारी आई प्रेमापोटी टेक्सासच्या मुलाच्या नावे दोन एकराचे बक्षीसपत्र करते. दस्त नोंदला जातो, फेरफारही होतो, आणि अडचण दिसते ती विक्रीच्या वेळी. तीच आई मृत्युपत्र करून गेली तर प्रश्न येत नाही. अशी वारसाने आलेली जमीन विकायचीही ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. माझ्या मते हा नियम कडक असला तरी गैर नाही. डॉलरची बोली कोरडवाहू शेतीवर लागली असती तर गावातल्या अल्पभूधारकाला शेजारचा बांधही विकत घेता आला नसता.

परदेशात केलेल्या मुखत्यारपत्राचेही असेच. दूतावासाचा किंवा अपोस्टिलचा (त्या देशाच्या सरकारी प्रमाणीकरणाचा) शिक्का पुरेसा नाही; कागद राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावे लागते.

गावात राहणे का टळते, याला किल्लारीच्या भूकंपाची आठवणही आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीचे जड माळवद, म्हणजे सपाट छत, माणसांवर कोसळले. ज्यांनी ते पाहिले, ऐकले, ते वडिलांच्या वाड्यात म्हातारपणी झोपायला तयार नसतात. शिवाय माळवदावर दर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकावी लागते; घर बंद राहिले की दोन-तीन पावसाळ्यांत तुळया कुजतात. डायलिसिस, हृदयविकाराची सोय मोठ्या शहरातच, हे कारण तर सांगायलाच नको.

मग पैसा शहराच्या कडेला येतो. औरंगाबादेत आखाताच्या कमाईतले किती तरी प्लॉट गुंठेवारीत, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीविना गुंठ्यागुंठ्याने पाडलेले तुकडे, नोटरीच्या कागदावर घेतले गेले. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. रस्ता, नाली, बांधकाम परवाना काहीच नाही. 2001 च्या कायद्याने अशी बांधकामे नियमित करण्याची वाट काढली आणि 2021 मध्ये मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांपर्यंत आणली. तरी प्रशमन शुल्क (नियमभंग मिटवण्याची रक्कम) आणि विकास शुल्क मालकालाच भरावे लागते, आणि नोटरीच्या कागदावर बँक कर्ज देत नाही.

पाण्याचा ताण मात्र शेजाऱ्यांच्या वाट्याला येतो. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या काळ्या पाषाणात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या, भेगाळ थरात असते. परत आलेला माणूस 500-600 फूट बोअर घेतो तेव्हा खाली नवे पाणी क्वचित लागते. वरच्या थरातले पाणी बोअरमध्ये उतरते आणि शेजारचा जुना आड आटतो. पैसे असलेल्याने टँकर मागवला की गल्लीतल्या बाकीच्यांसाठीही टँकरचा भाव चढतो. त्यापेक्षा छप्पर कामी आणावे. हजार चौरस फुटांवर 700 मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे 65,000 लिटर. नुकसान वजा जाता 50,000 लिटर तरी हाती लागते. पहिल्या दोन पावसांचे पाणी बाहेर सोडायचे, पुढचे खडी-वाळूच्या गाळणीतून त्याच आटलेल्या आडात.