मिलो, पीएल ४८० आणि मदत करणाऱ्यावरचा राग : थोडी पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात सत्तरीच्या पुढच्या कुणासमोर नुसतं "मिलो" म्हणून बघा, तोंड वाकडं होतंय. ७२ च्या दुष्काळात रेशनला आलेली ती लाल ज्वारी. मंगळवेढ्याची मालदांडी खाल्लेल्या लोकांना ती कशी चालणार, भाकरी थापताना चिरायची, घास तोंडातल्या तोंडात फिरायचा, आणि वर ऐकायला मिळायचं की अमेरिकेत हे जनावरांना घालतात. ते खोटं पण नाही, तिकडं मिलो तेव्हा बहुतेक पशुखाद्यालाच जायची. पण गंमत अशी की पीएल ४८० (जास्तीचं धान्य आपल्याला रुपयात देण्याचा अमेरिकेचा कायदा) खालचं धान्य तोवर बंद झालेलं होतं आणि त्या वेळी आपण परदेशातून मोठी खरेदी केली ती पैसे मोजून. तरी आज सांगताना "अमेरिकेनं दिलेली मिलो" असंच सांगतात. विकत घेतलेल्या धान्याचा एवढा राग का, तर त्याच्या आधीची वीस वर्षं डोक्यात बसलेली होती.

महायुद्धानंतर अमेरिकेनं युरोपला दिलेले १३ अब्ज डॉलर वगैरे सगळ्यांना माहितीये, ते सोडतो. आपली सुरुवात १९५१ पासून. आपण २० लाख टन धान्य मागितलं होतं, तिथल्या संसदेत सहा महिने काथ्याकूट चालला, हा देश आपल्या गटात नाही मग ह्याला द्यायचं कशाला असा सूर, आणि शेवटी १९ कोटी डॉलरचं कर्ज म्हणून गहू मंजूर झाला. मधल्या काळात रशिया आणि चीनकडनं पण थोडं धान्य आलं. म्हणजे गहू पोचायच्या आधी टोमणे पोचले.

आता "मदत" हा शब्द. सगळा घोळ ह्याच्यात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. पीएल ४८० हा १९५४ चा कायदा, त्याच्या नावातच आधी शेतमालाचा व्यापार येतो आणि नंतर मदत. तिकडं गोदामं गव्हानं भरून वाहत होती, भाव पडत होते, सरकारला ठेवणावळीचा खर्च झेपत नव्हता. मग तो गहू आपल्याला विकला, हो, विकलाच, फक्त डॉलरऐवजी रुपयात. तो रुपया अमेरिकेत जायचा नाही, इथंच त्यांच्या खात्यावर जमा व्हायचा, त्यातला थोडा त्यांच्या वकिलातीच्या खर्चाला आणि बराचसा आपल्यालाच कर्ज नाहीतर अनुदान म्हणून परत. त्याच रुपयातनं १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं खरेदी करून तिकडच्या लायब्रऱ्यांना पाठवली, आज शिकागोत जुनी मराठी पुस्तकं सापडतात त्यातली बरीच अशी गेलीत. शिवाय निम्मा माल अमेरिकन जहाजातनंच आणायचा ही अट. मग ही मदत का धंदा? त्यांच्या शेतकऱ्याची सोय झाली हे खरं, आपल्याला डॉलर नसताना गहू मिळाला हे पण खरं. पण त्यांच्या हिशोबात ते सगळं दान आणि आपल्या हिशोबात खरेदी, दोन्हीकडं वही वेगळी. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण गाय धर्माची का उधारीची हेच ठरलं नव्हतं ना.

(गाजर गवत पण ह्याच गव्हातनं आलं म्हणतात. ते पुण्यात पहिल्यांदा डोळ्यात भरलं ते १९५५-५६ च्या सुमारास, आणि पीएल ४८० चा आपला पहिला करार ऑगस्ट १९५६ चा, त्यामुळं तारखा नीट जुळत नाहीत, ५१ च्या गव्हातनं आलं असेल तर असेल. पण बांधावर दिसेल तिथं आमच्याकडं अमेरिकेच्या नावानं शिवी पडतेच, तिथं तारीख कोण बघतंय बे.)

खरी कडवट आठवण ६५-६६ ची. १९६० च्या कराराची मुदत ६५ च्या मध्याला संपली आणि तिथल्या अध्यक्षांनी नवा लांबचा करार करायचं टाळलं. थोडा गहू सोडायचा, परत थांबायचं, परत थोडा सोडायचा. त्यांचं म्हणणं असं की हे लोक आपल्या गव्हाच्या भरवशावर शेतीकडं बघत नाहीत, आणि ह्यात तथ्य अजिबात नव्हतं असं मी म्हणणार नाही. सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध झालं तेव्हा तर दोघांचीही मदत रोखली. इकडं पंतप्रधानांनी सोमवारी एक वेळ उपास करायला सांगितलं. त्यात पाऊस गेला, धान्याचं उत्पादन ८ कोटी ९० लाख टनांवरनं ७ कोटी २० लाखांवर आलं, आणि १९६६ ला एक कोटी टनाच्या वर धान्य बाहेरनं आणावं लागलं. जहाज बंदराला लागलं की धान्य थेट तोंडात, अशी अवस्था. जूनमध्ये डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरनं ७.५० ला गेला, त्याच्यामागं कर्ज देणाऱ्यांचा दबाव होता, आणि बदल्यात जेवढा पैसा मिळेल असं वाटलेलं तेवढा आला नाही. जुलैत आपण अमेरिकेच्या व्हिएतनामवरच्या बॉम्बिंगविरुद्ध बोललो आणि जहाजं परत सावकाश झाली. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, इथं तोंड बंद करायला नाक दाबलं.

नुसतं त्यांच्या नावानं खडे फोडणं पण बरोबर नाही. तो गहू नसता तर ६६-६७ ला बिहारमध्ये काय झालं असतं सांगता येत नाही. त्याच १९६६ ला १८,००० टन मेक्सिकन गव्हाचं बियाणं आलं, त्याच्या संशोधनाला पैसा अमेरिकेतल्याच एका फाउंडेशनचा होता. पण लोकांच्या लक्षात बियाणं राहिलं नाही, थांबलेली जहाजं राहिली.

पुढं ७१ ला बंगालच्या उपसागरात त्यांचं आरमार आलं आणि उरलीसुरली माया पण गेली. १९७४ ला साठलेल्या रुपयाचा हिशोब मिटवताना त्यांच्या राजदूतानं १,६६४ कोटी रुपयांचा चेक आपल्याला दिला. एवढी मोठी रक्कम सोडून पण त्याचं कौतुक फार झालं नाही.

हे फक्त आपल्याशीच झालं असं नाही. इजिप्तला अस्वान धरणाला पैसे देतो म्हणून जुलै १९५६ मध्ये हात काढून घेतला, आठवड्यात तिथल्या अध्यक्षांनी सुएझ कालवा ताब्यात घेतला, धरणाचा पैसा रशियानं दिला. पाकिस्ताननं एफ-१६ विमानांचे पैसे भरलेले, १९९० ला विमानं अडकवली, आणि नंतर ९८ ला तडजोड झाली तेव्हा काही परतफेड गव्हासारख्या मालात. विमानाच्या बदल्यात गहू! २००५ च्या भूकंपात अमेरिकन हेलिकॉप्टरं डोंगरात उतरली तेव्हा तिथल्या लोकांचं मत थोडं निवळलं होतं, पण २०११ ला लसीकरणाच्या नावाखाली हेरगिरी केल्याचं उघड झालं, पोलिओवाल्यांवर हल्ले झाले आणि २०१२ च्या एका सर्व्हेत शंभरातल्या ७४ जणांनी अमेरिका शत्रू असं सांगितलं. तोवर अब्जावधी डॉलर जाऊन बसलेले.

याच्या उलटं उदाहरण आपल्याच गावात आहे. १९३८ ला सोलापूरचा एक डॉक्टर चीनला गेला, जखमींवर उपचार केले, १९४२ ला तिथंच वारला. ६२ चं युद्ध झालं, सीमेवर अजून भांडण चालूय, तरी चीनचे पाहुणे भारतात आले की त्याच्या घरच्यांना भेटत आलेत. पाठवणारा देश तेव्हा स्वतःच गुलाम, अट घालणार कशाच्या जोरावर.

आणि आता आपण देणाऱ्याच्या खुर्चीत आहोत. एप्रिल २०१५ ला नेपाळच्या भूकंपात आपली विमानं काही तासात पोचली. सप्टेंबरात त्यांच्या नव्या घटनेवरनं वाद झाला आणि सीमेवर ट्रक थांबले. आपण म्हटलं तिथल्या तराईतल्या मधेशी लोकांचं आंदोलन आहे, ते म्हणाले भारताची नाकाबंदी, आणि काठमांडूत पेट्रोल-गॅसच्या रांगा लागल्या. इकडं चहाच्या गाडीवर एकच चर्चा, एवढं केलं तरी ह्यांच्या शिव्याच. मार्च २०१६ मध्ये त्यांचे पंतप्रधान बीजिंगला गेले आणि चीनमधनं माल आणायचा करार करून आले.