माठातले पाणी आणि अंगावरचा घाम

विदर्भातल्या घरात मे महिन्यात माठातले पाणी जितके गार लागते, तितके ते जूनच्या अखेरीस लागत नाही. माठ तोच असतो, पाणी त्याच विहिरीचे असते आणि बाहेरचा पारा तर चांगला उतरलेला असतो. मेमधली हवा कोरडी असल्याने माठाच्या छिद्रांतून झिरपलेले पाणी झपाट्याने उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. पावसाळी हवेत आधीच भरपूर बाष्प असते, म्हणून माठाच्या अंगावरचे पाणी नुसते ओघळत राहते. कूलर मेमध्ये खोली गार करतो आणि मृग लागल्यावर केवळ दमट वारा फेकतो, त्याचेही कारण हेच. उष्णतेच्या लाटेत माणूस कसा दगावतो हे समजून घ्यायचे, तर या माठापासूनच सुरुवात करावी लागते, कारण आपले शरीरही स्वतःला निववण्यासाठी हीच युक्ती वापरते.

शरीराच्या आतले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि त्वचेचे त्याहून थोडे कमी, साधारण ३५ अंश. हवा त्वचेपेक्षा गार असते तोवर आतली उष्णता आपोआप बाहेर जाते. पारा त्यावर चढला की हा प्रवाह उलटतो, आणि ब्रह्मपुरीच्या किंवा अकोल्याच्या ४५ अंशांच्या दुपारी भोवतालची हवाच अंगात उष्णता भरू लागते. त्या वेळी एकच वाट उरते, ती घाम वाळण्याची. एक लिटर घाम पूर्ण वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषतो. एवढी उष्णता आतच अडकली, तर ६० किलो वजनाच्या माणसाचे तापमान जवळपास ११ अंशांनी वाढेल. उन्हात पऱ्हाट्या उपटणाऱ्या किंवा रोजगार हमीच्या कामावर माती खणणाऱ्या माणसाला तासाला एक लिटर घाम येणे मुळीच असाधारण नाही.

वैदर्भी उन्हाळ्याचा धोका असा की हा घाम दिसत नाही. कोरड्या हवेत तो फुटल्याबरोबर वाळतो; कपाळ कोरडे, सदरा कोरडा, त्यावर मिठाचे पांढरे चट्टे तेवढे उमटलेले. घाम येत नाही म्हणजे पाणीही फारसे जात नाही, असा समज त्यामुळे होतो, आणि तहान तर गेलेल्या पाण्याच्या मागून लंगडत येते. इकडे रक्तातले पाणी घटत असते. उरलेले रक्त त्वचेकडे वळवून उष्णता बाहेर टाकण्यासाठी हृदय अधिक वेगाने धावते, आणि त्याची किंमत आतडी व मूत्रपिंडे मोजतात. रक्तपुरवठा तुटलेल्या आतड्यांचे अस्तर सैल पडते, तिथले जिवाणूंचे विषारी अंश रक्तात उतरतात आणि सर्व शरीरभर दाह पसरतो. लघवी दाट होऊन जळजळते, त्याला आपल्याकडे ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात. हा शब्द इतका सरावाचा झाला आहे की तो मूत्रपिंडाने दिलेला इशारा आहे, हे आपण विसरून गेलो आहोत. कामाच्या जागी शौचालय नसल्याने मुद्दाम कमी पाणी पिणाऱ्या बायकांना हा त्रास अधिक होतो. त्यांच्या आजाराचे मूळ हवामानात जेवढे आहे, तेवढेच त्या नसलेल्या आडोशात आहे.

पुढची पायरी म्हणजे ऊन लागणे, अर्थात उष्माघात. आतले तापमान ४० अंशांवर जाते आणि मेंदूचा ताबा सुटू लागतो. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, तोल जातो, झटके येतात, शुद्ध हरपते. हा ताप नव्हे. तापात मेंदूच शरीराचे ठरलेले तापमान वाढवतो, म्हणून पॅरासिटामॉलची गोळी लागू पडते. उष्माघातात मेंदू तापमान उतरवण्यासाठी धडपडत असतो आणि शरीर हरलेले असते, म्हणून त्या गोळीचा काही उपयोग होत नाही. खिशातल्या कांद्याने किंवा कांद्याच्या रसानेही तापमान उतरत नाही, आणि त्यात गेलेली पंधरा मिनिटे परत मिळत नाहीत. १०८ क्रमांकाला फोन करावा, पण गाडीची वाट पाहत बसू नये. माणसाला सावलीत आणून, कपडे सैल करून, अंगावर भरपूर पाणी ओतावे आणि वारा घालावा; बर्फ मिळाला तर काखेत व जांघेत ठेवावा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. शुद्धीवर असलेल्या आणि केवळ थकलेल्या माणसाला मात्र एक लिटर पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. पन्ह्यातही हीच साखर-मीठ-पाण्याची जोडी असते.

बातम्यांत सांगितले जाणारे ४५ अंश म्हणजे उन्हातले तापमान नव्हे. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत टांगलेला असतो. नागपुरात मे २०१३ मध्ये नोंदला गेलेला ४७.९ अंशांचा आकडाही सावलीतलाच आहे. तापलेल्या काळ्या मातीवर वाकून काम करणाऱ्याच्या अंगावर सूर्याची आणि जमिनीची, अशी दोन्ही बाजूंची धग येते. रात्रीची कथा वेगळी आहे. दिवसभर ताणलेल्या हृदयाला विसावा मिळतो तो रात्रीच्या गारव्यात. कवेलूच्या आणि मातीच्या भिंतींच्या घरात दुपार त्यातल्या त्यात सुसह्य असते. टिनाच्या घरात छप्पर दिवसभर भट्टीसारखे तापते आणि वीज गेली की पंखाही थांबतो. किमान तापमान तिशीच्या खाली न उतरणाऱ्या सलग चार-पाच रात्री वृद्धांना आणि हृदयरोग्यांना एखाद्या भडक दुपारइतक्याच घातक ठरतात.

इथला उन्हाळा असा का, याचे उत्तर भूगोलात आहे. समुद्र दूर, वायव्येकडून येणारा वारा कोरडा, आकाश निरभ्र आणि जमिनीत ओल नाही. त्यामुळे सूर्याची जी उष्णता एरवी पाणी उडवण्यात खर्च झाली असती, ती सगळी हवा तापवते. त्यात नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे मानले जाणारे नऊ दिवस, सुरू होतो तो २५ मेच्या सुमारास, आणि २६ मे हा नागपूरचा शून्य सावलीचा दिवस आहे, म्हणजे दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहून ठेवलेले हे नऊ दिवस सूर्याच्या या स्थितीशीही जुळतात. याला आता हवामानबदलाची जोड मिळाली आहे. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. २०२२ चा मार्च १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला, गव्हाचे दाणे भरण्याआधीच सुकले आणि मेमध्ये गव्हाची निर्यात थांबवावी लागली. उष्णतेमुळे २०३० मध्ये भारतातले ५.८ टक्के कामाचे तास वाया जातील, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१९ चा अंदाज आहे. तेंदूपत्त्याच्या हंगामात मजुरी पुड्यांच्या संख्येवर ठरते. तिथे वाया गेलेला तास थेट घरातल्या धान्यातून वजा होतो, म्हणून बाई सावलीत बसत नाही.

मृत्यूंची मोजदाद हा या विषयातला सर्वांत दुखरा भाग आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात १ मार्च ते १८ जून या काळात देशात उष्माघाताचे ४० हजारांहून अधिक संशयित रुग्ण आढळले, पण खात्रीचे मृत्यू ११० नोंदले गेले. याच्या शेजारी अहमदाबादचा अनुभव ठेवून पाहावा. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. संशोधकांनी त्या महिन्यातल्या सर्व कारणांच्या मृत्यूंची इतर वर्षांतल्या मे महिन्याशी तुलना केली, तेव्हा एकट्या शहरात १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिलेला असतो, मूत्रपिंड निकामी झाल्याचे लिहिलेले असते, ऊन लिहिलेले नसते. अहमदाबादने या हिशेबातून धडा घेऊन २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला. वावरात कोसळून घरी आणलेल्या आणि शवविच्छेदनाशिवाय अंत्यविधी झालेल्या शेतमजुराचा मृत्यू कुठल्याच रकान्यात बसत नाही. गावपातळीवर फक्त मृत्यूची तारीख नीट नोंदली गेली, तरी ती त्या दिवसाच्या तापमानाशी जुळवून पाहता येते, आणि एवढे काम एका वहीत होऊ शकते.

आता पुन्हा माठाकडे. तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळले, तर पाणी उडून पारा खाली येतो. तो जिथे थांबतो, तिथवरच त्या हवेत घाम अंगाला निववू शकतो. मेमध्ये ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना हा पारा २४ च्या आसपास थांबतो. जूनमध्ये ३८ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता असली, तर तो ३० वर थांबतो. सिद्धांताने या ओल्या फडक्याच्या पाऱ्यावर माणसाच्या सहनशक्तीची सीमा ३५ मानली होती, परंतु धडधाकट तरुणांवर झालेल्या अलीकडच्या प्रयोगांत शरीर ३१ च्या आसपासच हार मानू लागले. एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरच्या मैदानावरील कार्यक्रमात १४ जणांचा बळी गेला, तेव्हाही हवेचे साधे तापमान चाळिशीच्या आत होते. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, ही मुलांसाठी घेतलेली काळजी आहे. शेतकऱ्याचा जून मात्र पहिल्या पावसाबरोबर सुरू होतो. दुपट्टा बांधून तो पेरणीला उभा राहतो, या वेळी घाम दिसतो, पाठीवरून ओघळतो, पण वाळत नाही. मैदानी प्रदेशात किमान ४० अंशांची अट असल्याने ३८ अंशांच्या त्या दिवसाची उष्णतेची लाट म्हणून नोंदही होत नाही.