पऱ्हाटीचा कोळसा: पाच टक्क्यांचं गणित धुऱ्यावर कुठे अडतं

कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांनी शेतकचऱ्याच्या पेलेटही (भुसा दाबून केलेल्या लहान कांड्या) जाळाव्यात, असं केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्ये ठरवलं. २०२३ च्या सुधारणेत २०२४-२५ पासून ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के असं प्रमाण आलं. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, मौदा ही केंद्रं कपाशीपासून दूर नाहीत. तरी उन्हाळ्यात पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून उरलेली कपाशीची वाळकी झाडं, धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) पेटते.

हिशेब बघा. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला साडेसात हजार टनांच्या आसपास कोळसा खातो. त्याचे ५ टक्के म्हणजे ३७५ टन. एकरी १० क्विंटल वाळलेली पऱ्हाटी धरली, तर एका संचाला रोज ३७५ एकरांचा माल हवा. पऱ्हाटी निघते उन्हाळ्याच्या तोंडी, संच मात्र बारा महिने चालतो.

त्यात वाहतूक. पऱ्हाटीने भरलेली ट्रॉली डोंगराएवढी दिसते, काट्यावर मात्र भरत नाही. डिझेल हवेच्या ओझ्यावरच जळतं. म्हणून कुट्टी वावरातच करावी लागते. कपाशीची साल तागासारखी चिवट. ओलसर माल यंत्रात घातला की तिचे धागे शाफ्टला गुंडाळतात आणि यंत्र बसतं.

खरी मेख मुळाशी आहे. चिमट्याने उपटली की काळी माती मुळांना धरून येते. ही माती पेलेटच्या साच्याची भोकं झिजवते आणि राख वाढवते. विळ्याने कापली तर माल स्वच्छ मिळतो, पण बुडखा राहतो, त्याला पालवी फुटते आणि किडीला आसरा मिळतो. त्यातल्या त्यात बरं म्हणजे उपटून चार-आठ दिवस उन्हात पसरायची, मुळं आपटून माती झाडायची, मगच कुट्टी. पेलेट करताना ओलावा १० ते १२ टक्के हवा. जास्त असला तर साच्यात वाफ होऊन पेलेट फुटते. फारच कमी असला तर माल बांधत नाही, साचा तुंबतो.

वीजकेंद्रातही कोळशाच्या जागी पेलेट ओतल्या आणि झालं, असं नसतं. कोळसा दळणाऱ्या गिरणीत लाकडाचे तंतू नीट दळले जात नाहीत. शिवाय पऱ्हाटीतला ज्वलनशील वायू कमी तापमानाला सुटतो, त्यामुळे गिरणीतच आग लागू शकते. आत जाणाऱ्या हवेचं तापमान उतरवावं लागतं. राखेतलं पोटॅश बॉयलरच्या नळ्यांवर चिकट थर धरतं, क्लोरिन धातू खातं. पऱ्हाटी हवा कोंडून २५० ते ३०० अंशांवर भाजली तर ती ठिसूळ होते, सहज दळली जाते, पावसात पाणीही कमी पिते. पण पोटॅश तिच्यात तसंच राहतं, आणि भाजण्याचा खर्च वेगळा.

एक फायदा मात्र विजेच्या हिशेबात कुणी धरत नाही. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत सुप्त पडून राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर येते. तेव्हा फरदड (हंगाम संपल्यावरही पीक उभं ठेवून घेतलेला जादा कापूस) न घेता माल जानेवारीत हलला, तर बोंडअळीचं घर मोडतं. तोच माल गावाशेजारच्या खरेदी केंद्रावर कुट्टी न करता जूनपर्यंत रचून ठेवला, तर अख्ख्या शिवारासाठी अळी पोसली जाते. खरेदी केंद्र उघडण्याची तारीख म्हणूनच शेवटच्या वेचणीला धरून ठरवायला हवी. सगळी पऱ्हाटीही विकू नये. गळलेला पाला आणि थोडी कुट्टी वावरातच राहू द्यावी, कारण पोटॅश जमिनीतूनच गेलेलं असतं.