बूच काढून ठेवलं म्हणून बारोलो ‘श्वास’ घेत नाही

बारोलोसारखी जुनी इटालियन रेड वाइन प्यायची तर तासभर आधी बूच काढून बाटली तशीच ठेवावी, म्हणजे ती ‘श्वास घेते’, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. बाटलीच्या गळ्यात हवेला भिडणारी वाइन जेमतेम नाण्याएवढी. खालच्या पाऊण लिटरला तासाभरात हवा जवळपास लागतच नाही.

बारोलोचंच बघा. इटलीच्या पिएमोंते प्रांतातल्या नेबिओलो जातीच्या द्राक्षांची ही वाइन नियमानुसार किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडी पिंपात. तरीही ताजी बारोलो कच्ची सुपारी चघळल्यासारखी तोंड आवळते. तिला हवा द्यायची तर सरळ रुंद बुडाच्या भांड्यात ओतावी. सुवास खरोखर मोकळा होतो.

पंचवीस-तीस वर्षांच्या बाटलीला मात्र हे सोसेलच असं नाही. ती आदल्या दिवशीच उभी ठेवा, गाळ तळाशी बसू द्या. मग गळ्यामागे उजेड धरून अगदी सावकाश ओता. गाळाची रेघ गळ्याशी आली की थांबा. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला की कडेला विटकरी-नारिंगी झाक दिसते. ती बघून वाइन बिघडली असं समजू नका, वयानं येणारा रंगच तो! वाळलेला गुलाब, डांबर, चामडं असे वास येतात, पण फार नाजूक. भांड्यात तासन् तास ठेवलेत तर उडून जातील. म्हणून पहिला घोट लगेच घ्या आणि पुढचा बदल ग्लासातच अनुभवा.