वर्षभर टिकणारा राजमा आणि सियाचीनमधला जवान

ठाण्यात घोडबंदर रोडच्या कुठल्याही सुपरमार्केटमध्ये जा, रेडी टू ईटच्या रॅकवर राजमा, पालक पनीरची पाकिटं फ्रिजबाहेर पडलेली असतात आणि एक्सपायरी बघितली तर चक्क वर्षभराची. लोक म्हणतात प्रिझर्वेटिव्ह ठासून भरलेले असणार. पण खरं काम उष्णतेचं असतं, आणि या पाकिटावर मेहनत झाली ती सैन्यासाठी, अमेरिकेत नॅटिकच्या आर्मी लॅबमध्ये आणि आपल्याकडे डीआरडीओच्या मैसूरच्या डीएफआरएलमध्ये, म्हणजे सैन्याच्या अन्नावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत, जी १९६१ साली सुरू झाली.

होतं काय, की बॉट्युलिझम, म्हणजे जीवघेणी अन्नविषबाधा, करणाऱ्या बॅक्टेरियाचे स्पोअर्स, म्हणजे चिवट बीजाणू असतात ना, ते १०० डिग्रीला उकळून पण मरत नाहीत. म्हणून सीलबंद पाकीट मोठ्या प्रेशर कुकरसारख्या रिटॉर्ट मशीनमध्ये साधारण १२१ डिग्रीला तापवतात, आणि नुसतं बाहेरून गरम होऊन भागत नाही, अगदी मधल्या घासापर्यंत ती उष्णता पोचावी लागते. गोल डब्यात मधपर्यंत पोचायला वेळ लागतो, तोवर कडेचा राजमा पार गळून जातो. पाकीट चपटं, त्यामुळे काम लवकर होतं आणि चव पण बऱ्यापैकी राहते. वर प्लॅस्टिकच्या थरांमध्ये ॲल्युमिनियम फॉइल असते, तिच्यातून हवा, उजेड काही आत जात नाही. शिवाय डब्यापेक्षा हलकं, पाठीवर ओझं वाहणाऱ्याला विचारा याची किंमत.

आता उंचीवर चला. लडाखला जाऊन आलेले आपले ठाणेकर सांगतातच की तिथे भात शिजता शिजत नाही. ५००० मीटरच्या वर पाणी ८३-८४ डिग्रीलाच उकळायला लागतं, आणि त्यात भूकच मरते, म्हणजे थंडीमुळे शरीराला जास्त कॅलरी हव्यात आणि नेमकं तेव्हाच घास उतरत नाही! त्यामुळे माझ्या मते चव ही इथे चैन नाहीच, जे पाकीट जवान अर्धं टाकून देतो त्यातल्या कॅलरींचा उपयोग काय.

भाजीचा प्रश्न सुटला, पण चपाती छळते. ती १२१ डिग्रीला घातली तर वाट लागेल, आणि तशीच ठेवली तर स्टार्च परत घट्ट होऊन कडक होते, ओलावा ठेवला की बुरशी. तरी डीएफआरएलने बिनफ्रिजच्या टिकाऊ चपात्या बनवल्या.

गरम करायला अमेरिकन रेशनमध्ये मॅग्नेशियम आणि लोखंडाच्या पावडरची पिशवी येते, थोडं पाणी ओतलं की आग न लावता जेवण गरम होतं. फक्त त्यातून हायड्रोजन सुटतो, म्हणून तंबू बंद करून हा उद्योग करायचा नसतो.