कर्मिट जन्मतः बेडूक नव्हता

‘सेसमी स्ट्रीट’ या लहान मुलांच्या अमेरिकी टीव्ही मालिकेतला विनोदी बाहुला-बेडूक कर्मिट याच मालिकेत, १९६९ साली जन्मला, असं सर्रास सांगितलं जातं. चूक! त्याआधी चौदा वर्षं, १९५५ मध्येच, तो वॉशिंग्टनच्या स्थानिक वाहिनीवर ‘सॅम अँड फ्रेंड्स’ या पाच मिनिटांच्या कार्यक्रमात झळकत होता. बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या अठरा वर्षांच्या जिम हेन्सननं आईचा जुना कोट कापून त्याला शिवलं. पिंगपाँगचा चेंडू मधोमध चिरून डोळे लावले. (आई काय म्हणाली असेल!) आणि तेव्हा तो बेडूक नव्हताच. फिकट निळसर-हिरवा, सरड्याच्या वळणाचा कुणीतरी. बेडकाचे पंजे, गळ्याभोवतीची टोकदार झालर हे सगळं नंतरचं. कर्मिट आणि इतर बाहुल्यांचा ‘द मपेट शो’ तर १९७६ चा. कोटाची ती बाहुली आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.