टाळलेल्या गाडीचा हिशेब

२६ जुलै २००८, शनिवार. संध्याकाळी अहमदाबादेत एकामागोमाग एक वीस-एकवीस स्फोट झाले आणि ५६ माणसं गेली. आदल्याच दिवशी बंगळुरूत स्फोट झाले होते. रविवार उजाडला तशा सुरतेहून बातम्या यायला लागल्या. कुठं झाडावर, कुठं जाहिरातीच्या फलकामागं जिवंत बॉम्ब सापडत होते. मंगळवारी तर एका दिवसात दीड डझन सापडले. एकही फुटला नाही. पण त्या आठवड्यात आमच्या अमळनेरच्या घरात दुसरा विषयच नव्हता, कारण शनिवारी, २ ऑगस्टला, सुरतेतल्या उधन्याला माझ्या चुलत बहिणीच्या बाळाचं बारसं होतं.

खानदेशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं की सुरत आमच्यासाठी परमुलूख नाही. ताप्ती लाइनवरच्या, म्हणजे सुरत-जळगाव रेल्वेमार्गावरच्या, प्रत्येक गावातलं कुणी ना कुणी उधना, लिंबायत, पांडेसरा इथं लूमवर नाहीतर मिलमध्ये आहे. तिकडच्या गल्ल्यांत अहिराणी ऐकू येते. त्यामुळं सुरतेतला बॉम्ब आम्हाला शेजारच्या गल्लीत सापडल्यासारखा वाटला.

मोठीमाय म्हणाली, "आते कसाले जातस तठे?" शिवाय १ तारखेला अमावस्या, वर सूर्यग्रहण, म्हणजे आदल्या दिवशी निघायचा प्रश्नच नव्हता. उधन्याच्या काकांचा गुरुवारी फोन आला, की बाजार उघडलेत, लोक कामावर जायला लागलेत, भाऊ, तुम्ही या. शेवटी आबांनी तोडगा काढला: बारशाला जायचं, पण रेल्वेनं नाही. स्टेशनवर गर्दी, डब्यात कुणाची पिशवी कुणाची ते कळत नाही. म्हणून जीप ठरली. पहाटे तीनला आम्ही लहान-मोठे मिळून बारा जण एका जीपमध्ये बसलो. धुळे, साक्री, मग भर पावसात कोंडाईबारीचा घाट. तेव्हाचा तो महामार्ग दुपदरी होता, समोरून ट्रकांची रांग आणि ड्रायव्हर रात्री भाडं मारून आलेला. अडीचशे किलोमीटर. बारशाला वेळेवर पोचलो आणि सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं: बरं झालं रेल्वेनं आलो नाही.

ते वाक्य पुढं अनेक वर्षं माझ्या मनातून गेलं नाही. मी संख्याशास्त्र शिकवायला लागल्यावर तर जास्तच. त्या दिवशी आम्ही एक धोका टाळला असं आम्हाला वाटलं. आम्ही खरं तर धोका बदलून घेतला होता, आणि तोही लहान देऊन मोठा. जीप सुखरूप पोचली म्हणून निर्णय बरोबर ठरला, आणि कुणी कशाचा फेरविचार केला नाही. शेवट चांगला झाला की निर्णयही चांगलाच होता असं मानायची सवय माणसात इतकी पक्की आहे की मानसशास्त्रात तिचा स्वतंत्र अभ्यास होतो.

हल्ल्यानंतर आपल्याला काय होतं ते समजून घ्यायला धुराच्या अलार्मची उपमा फार उपयोगी आहे. उत्क्रांतीच्या अंगानं भीतीचा विचार करणाऱ्या रँडॉल्फ नेसी यांनी ती रूढ केली. अलार्म फोडणीच्या धुरानंही वाजतो. वाजू दे, कारण दहा वेळा उगीच वाजला तर थोडा त्रास होतो, पण एकदा खऱ्या आगीत वाजला नाही तर घर जातं. आपली भीती तशीच घडली आहे. गवत हललं, पळा. वाऱ्यानं हललं असेल तर चार पावलं वाया गेली, वाघ असेल तर जीव वाचला. या व्यवस्थेत चूक काहीच नाही. मात्र ती एक गोष्ट गृहीत धरते, की पळणं स्वस्त आहे.

पळणं स्वस्त नसेल तर काय होतं ते आपल्या जिल्ह्यानं पाहिलं आहे. २२ जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ परधाडे स्टेशनाच्या अलीकडं पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. कुणीतरी साखळी ओढली. लोकांनी डब्यातून उड्या टाकल्या आणि ते शेजारच्या रुळावर उतरले. त्याच रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान १२ माणसं गेली. डब्यात आग नव्हती. जे बसून राहिले ते वाचले. उडी मारणाऱ्यांना मी दोष देत नाही. धूर आणि आरडाओरडा यांच्यामध्ये कुणाचंही शरीर तेच करेल. पण त्या अपघाताची आठवण मला प्रत्येक हल्ल्यानंतर होते, कारण प्रश्न तोच असतो: मी ज्यापासून पळतोय ते दिसतंय, पण ज्या रुळावर उतरतोय तिकडं पाहिलं का?

भीती आणि शक्यता यांचं नातं किती सैल असतं हे दाखवणारा एक प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. युव्हल रॉटनस्ट्राइक आणि ख्रिस्तोफर शी यांनी लोकांना विचारलं: तुम्हाला विजेचा, दुखणारा पण इजा न करणारा झटका बसणार आहे, तो टाळायला किती पैसे द्याल? झटका बसायची शक्यता ९९ टक्के असेल तर लोक साधारण १० डॉलर द्यायला तयार होते. शक्यता १ टक्का असेल तर? ७ डॉलर. धोका नव्याण्णव पटीनं कमी झाला आणि भीतीची किंमत जेमतेम तीन डॉलरनं उतरली. झटक्याऐवजी नुसता २० डॉलरचा दंड ठेवला तेव्हा मात्र उत्तरं ताळ्यावर होती: १८ डॉलर आणि १ डॉलर. जिथं शरीर शहारतं तिथं मन "किती शक्यता" हा प्रश्नच सोडून देतं आणि फक्त "होऊ शकतं" एवढंच धरून ठेवतं. बातमीत रक्तानं माखलेली चप्पल दिसली की आपण सगळे त्या १ टक्क्याला ७ डॉलर देणारे होतो.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे हँडल कुणाच्या हातात आहे. चॉन्सी स्टार या अमेरिकी अभियंत्यानं १९६९ मध्ये अंदाज मांडला की आपण होऊन पत्करलेला धोका माणसं लादलेल्या धोक्यापेक्षा हजारपट जास्त सहन करतात. पुढं मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी कोणते धोके माणसाला जास्त घाबरवतात याचा नकाशाच मांडला. जे अचानक येतं, एकाच वेळी अनेकांना नेतं, ज्यावर आपला ताबा नसतो आणि जे कुणीतरी मुद्दाम करतं, ते आपल्याला सर्वांत भयंकर वाटतं. दहशतवादी हल्ल्यात हे सगळं असतं. हेल्मेट घरी ठेवून पारोळ्याला मोटारसायकलवर जाण्यात यातलं काहीच नसतं.

आता थोडं गणित, आणि मी मुद्दाम सर्वांत वाईट दिवस घेते. ११ जुलै २००६ ला मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये ११ मिनिटांत ७ स्फोट झाले, १८० हून जास्त लोक गेले. त्या काळी मुंबईच्या लोकलनं दिवसाला ६० लाखांवर प्रवासी ये-जा करत. म्हणजे "आज लोकलमध्ये स्फोट होणार" हे आधी माहीत असतं, तरी त्या दिवशीच्या एका प्रवाशाच्या वाट्याला आलेला मृत्यूचा धोका साधारण तीस हजारांत एक होता. दुसऱ्या पारड्यात २०२२ मधले भारतातल्या रस्त्यांवरचे मृत्यू ठेवा: १,६८,४९१. दिवसाला चारशेसाठांहून जास्त. १४० कोटींच्या देशात सरासरी माणसामागं हा धोका वर्षाला सुमारे आठ हजार तीनशेंत एक भरतो. भागाकार केला तर मुंबईच्या लोकलच्या त्या काळ्या दिवसाएवढा धोका आपण सगळे रस्त्यावर दर सव्वातीन महिन्यांनी उचलतो, आणि त्यासाठी कुणी बारसं रद्द करत नाही. सरासरी ही सरासरीच असते. अंधेरीच्या डब्यात बसलेल्याचा आणि त्या दिवशी घरी असलेल्याचा धोका एक नव्हता, कापसाचा ट्रॅक्टर चालवणाऱ्याचा आणि अंगणात बसलेल्या मोठीमायचाही नाही. पण तराजू कुठं झुकतो ते यातून कळतं. त्या रस्त्यावरच्या मृत्यूंत दुचाकीस्वार जवळजवळ ४५ टक्के होते, हेही मी खानदेशात राहून विसरू शकत नाही.

धोका बदलून घेण्याची किंमत मोजण्याचं सर्वांत गाजलेलं काम जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेन्झर यांचं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अनेक अमेरिकी लोकांनी विमान सोडून मोटार धरली. त्यांच्या अंदाजानुसार त्यामुळं पुढच्या बारा महिन्यांत रस्त्यांवर सुमारे १,५०० जास्तीचे मृत्यू झाले. अपहरण झालेल्या चारही विमानांतल्या प्रवासी आणि कर्मचाऱ्यांची संख्या यापुढं सहावा हिस्सा भरते. त्या दीड हजारांची नावं कुठल्या स्मारकावर नाहीत. आपण भीतीनं मेलो हे त्यांनाही कळलं नसेल. ७ जुलै २००५ च्या लंडनच्या स्फोटांनंतर भुयारी रेल्वेचे प्रवासी घटले, सायकली वाढल्या, आणि सायकलस्वारांचे अपघातही वाढले. माद्रिदला मात्र निराळं घडलं. ११ मार्च २००४ ला तिथल्या लोकल गाड्यांत १९० हून जास्त लोक मारले गेले, त्यानंतर महिना-दोन महिने रेल्वेची गर्दी कमी झाली, पण रस्त्यावरची रहदारी वाढली नाही आणि त्यामुळं जास्तीचे बळीही गेले नाहीत. थोडे दिवस जाणं टळलं, बदललं नाही. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. आम्ही बारसं आठवडाभर पुढं ढकललं असतं, तर ते शहाणपणाचं ठरलं असतं. रेल्वे सोडून जीप धरली, हे नाही.

कारण धोका खरोखर वाढत नाही असं मी म्हणत नाही. हल्ल्यांच्या नोंदी अभ्यासणारे संख्याशास्त्रज्ञ भूकंपानंतरच्या धक्क्यांसाठी वापरतात त्याच जातीचं गणित इथं वापरतात: एक घटना घडली की पुढच्या घटनेची शक्यता काही काळ चढते आणि मग हळूहळू उतरते. बंगळुरू, अहमदाबाद, सुरत ही त्या आठवड्यातली साखळी तशीच होती. मंगळवारी सुरतेत जाणं आणि शनिवारी जाणं यांत जमीनअस्मानाचा फरक होता. मंगळवारी पोलीस वस्त्या पिंजून काढत होते. अशा वेळी तिथं पाहुणा म्हणून जाऊन उभं राहणं म्हणजे त्यांच्या कामात अडथळा. रस्ता बंद असेल, संचारबंदी असेल, प्रशासनानं थांबा म्हटलं असेल, तर गणित मांडायचं कारणच नाही. पण ही चढती शक्यता ठरावीक जागेपुरती आणि ठरावीक दिवसांपुरती असते, आणि आपली भीती मात्र सगळ्या गाड्यांना, सगळ्या बाजारांना आणि सगळ्या महिन्याला चिकटते.

कधीकधी ती माणसांनाही चिकटते. मालेगाव धुळ्यापासून पन्नास किलोमीटरवर, नाशिककडं जाणाऱ्या एसटीच्या वाटेवर. तिथं ८ सप्टेंबर २००६ ला शुक्रवारच्या नमाजानंतर आणि २९ सप्टेंबर २००८ ला भिक्कू चौकात स्फोट झाले. मेलेले, जखमी झालेले लोक तिथलेच होते. तरी त्यानंतर बराच काळ बस मालेगावात शिरली की आमच्यातले काही जण गप्प होऊन खिडक्या लावून घेत. ज्या गावानं सोसलं त्याच गावाची भीती. खिडकी लावून कुणाचा कसलाच धोका कमी झाला नाही, हे मला आज लिहितानाही लागतं.

भीती किती दिवस टिकते यात बातम्यांचा वाटा मोठा आहे. १५ एप्रिल २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर झालेल्या एका पाहणीत, पुढच्या आठवड्यात रोज सहा किंवा जास्त तास त्याच बातम्या बघणाऱ्या लोकांत तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. म्हणून जायचं की नाही हे टीव्हीसमोर बसून ठरवू नये असं मला मनापासून वाटतं. तिथं राहणाऱ्या आपल्या माणसाला फोन करावा, जसा काकांचा आला होता. दुकानं उघडी आहेत का, शाळा भरते का, गाड्या धावतात का. मग पुढचा प्रश्न, जो आम्ही विचारलाच नाही: नाही गेलो तर काय बुडतं, आणि दुसऱ्या वाटेनं गेलो तर ती वाट कशी आहे? खरेदी दोन दिवस थांबते. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस घेणाऱ्याची पाळी थांबत नाही. त्याच्यासाठी घरी बसणं हाच मोठा धोका.

इस्रायलमध्ये बसगाड्यांवर आत्मघाती हल्ले होत होते त्या काळाचा अभ्यास गॅरी बेकर आणि योना रुबिनस्टाइन या अर्थशास्त्रज्ञांनी केला. बसचा प्रवास घटला तो कधीमधी सुटं तिकीट काढणाऱ्यांचा. नेहमी जाणाऱ्यांनी सवय जवळपास बदलली नाही. ते जास्त शूर होते असं नाही. ज्याला रोज जायचंच आहे, त्याला भीतीशी एकदाच नीट बोलून घेणं परवडतं. वर्षातून एकदा जाणाऱ्याला तिच्याशी वाद घालण्यापेक्षा न जाणं सोपं पडतं.

हे वाचलं तेव्हा मला आमचा परतीचा प्रवास आठवला. रविवारी जीपवाला ऐन वेळी दुसऱ्या भाड्यावर गेला आणि आम्हाला भुसावळची पॅसेंजर धरावी लागली. आबा डब्यात शिरल्यापासून बाकांखाली वाकून वाकून बघत होते. व्याऱ्यापर्यंत कुणी बोललं नाही. नवापूरला अपडाऊन करणाऱ्या चार-पाच बाया टोपल्या घेऊन चढल्या, आम्हाला सरका म्हणाल्या, टोपल्या बाकाखाली सारल्या आणि मक्याची कणसं सोलत बसल्या. नंदुरबार यायच्या आत मोठीमाय त्यांच्याशी कणसांच्या भावावरून हुज्जत घालत होती, आणि आबा खिडकीला डोकं टेकून झोपले होते.